काकांचा नंबर चालू आहे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. कार्तिकी एकादशी

काकांच्या फोनवर सकाळपासून आलेले निरोप उतरवून ठेवतो. कीटकनाशकाच्या एका कंपनीचा : तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येण्याचे दिवस आहेत, अमुक औषध फवारा. बँकेचा : खात्यात किमान शिल्लक नाही. कुठल्याशा कर्जवाल्याचा : नावानिशी हाक मारून, पाच मिनिटांत पन्नास हजार. हवामानाचा : आपल्या परिसरात आकाश अंशतः ढगाळ. आणि अमरावतीच्या एका कापडदुकानाचा : बऱ्याच दिवसांत आपण आला नाहीत.

काका श्रावणात गेले. गावात, पाहुण्यांत, सोसायटीत, सगळ्यांना ते ठाऊक आहे. इथे वर्धेच्या काठावर लांबलांबची माणसं अस्थी घेऊन येतात, आम्हाला तर घरून घाटावर चालत जायचं होतं. पण जे काकांना सर्वांत जास्त निरोप पाठवतात त्यांना कुणी कळवलेलं नाही, आणि कळवायचं कुठे हेही धड कुणाला माहीत नाही. काकू रोज रात्री फोन चार्जिंगला लावते. आज म्हटलं, बंद करून टाकू का? तर म्हणाली, "नोको करू बापू. कोनाचं काही काम असलं त त्याइले कसं समजंन?"

मी आलोय तो याच कामासाठी. वारस नोंद, बँक, गॅस, सोसायटी. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत, त्याला रजा नाही, आणि अमरावतीहून कौंडण्यपूर मला काही दूर नाही. खाली देवळात टाळ चालू आहेत. पायी दिंडीनं पंढरपूरला जाऊ न शकणारे सगळे आज रुक्मिणीच्या माहेरी येतात, तेवढंच समाधान.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सेतूवर गेलो. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक सेतूच म्हणतात. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन, अंगठा घ्यायचं यंत्र, लॅमिनेशन, आणि खुर्चीवर पंचविशीतला एक पोरगा. भला मुलगा आहे. म्हाताऱ्या बाईकडून पैसे घेत नाही, उलट चहा पाजतो.

त्याच्या संगणकाचा पडदा मी बघत बसलो. पडद्यावर चित्र दिसतच नाही, इतक्या फायली. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, कुणाचा मृत्यूचा दाखला. फायलींना त्याने दिलेली नावं : 'बाई आर्वी', 'म्हातारा टोपी', 'लाडकी नवी', 'लाडकी नवी २', 'भाऊ घाईत'. म्हटलं, हे पुसत नाहीस कधी? "कायले पुसू भाऊ? चार दिवसानं तेच मानूस पुन्हा येते. नाई सापडलं त मलेच शिव्या देते."

त्याचं खरं काम पुढे कळलं. प्रत्येक अर्जाला मोबाइल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. कुणाकडे फोन नसतो, कुणाचा रिचार्ज संपलेला असतो, कुणाचा फोन पोरगं घेऊन शाळेत गेलेलं असतं. रांग तर दाराबाहेर. मग हा स्वतःचा नंबर टाकतो. ई-मेल लागला तर तोही हाच काढून देतो, परवलीचा शब्द सगळ्यांना एकच, कारण वेगवेगळे लक्षात कुणी ठेवायचे? "अर्ध्या गावाचा मोबाइल मीच हाओ भाऊ," असं हसत सांगत होता. काकांच्या एका योजनेच्या नोंदणीत त्याचाच नंबर निघाला. दुसऱ्या एका ठिकाणी पुण्याच्या भावाचा, तोही आता बंद असलेला. तिसऱ्या ठिकाणी ज्याचा कुणाचा होता त्याने फोन उचलला आणि राँग नंबर म्हणून ठेवला.

माणूस इंटरनेटवर कसा माग ठेवतो याबद्दल जे काही वाचलंय, त्यात एक माणूस, एक फोन, एक खातं असं चित्र असतं. तो शोधतो, बघतो, विकत घेतो, आणि कंपन्या टिपून ठेवतात. इकडे तसं नाही. काकांनी आयुष्यात एकही अर्ज स्वतः भरला नाही. त्यांचा माग सेतूवाल्याने, तलाठ्याने, सोसायटीच्या सचिवाने, भाच्याने आणि मीही आपापल्या हातांनी उमटवला. काकांनी फक्त अंगठा ठेवला.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यातली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला क्रमांक दिला गेला. नंतर २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना एक सूचना केली : आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारी मास्क्ड प्रत द्या, सायबर कॅफेच्या संगणकावर आधार उतरवून घेऊ नका, आणि घेतलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. सल्ला सोळा आणे होता. दोन दिवसांत तो मागे घेतला गेला, लोक त्याचा भलता अर्थ लावतील म्हणून. मी पोराला मास्क्ड आधार सांगितलं. तो म्हणाला, "बँकेवाला घेत नाई भाऊ. पुरे बारा आकडे पाह्यजे म्हन्ते."

५ नोव्हेंबर. पौर्णिमा

दिवसभर माणसं येताहेत. काही लिहायला सवड नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दहीहंडी

कार्तिक वद्य प्रतिपदा. पौर्णिमा आटोपून पांडुरंग पंढरपूर सोडतो आणि आज सासुरवाडीला येतो, असा इकडचा भाव. इथली पालखी १५९४ पासून पंढरीला जाते असं सांगतात. आषाढात आपण जायचं, कार्तिकात त्याने यायचं, असा हा व्यवहार. देवळापासून नदीपर्यंत नुसती डोकी.

आणि प्रत्येक डोक्याच्या वर एक हात, हातात फोन. हंडी फुटली तेव्हा मला हंडी दिसली नाही, दहाबारा पडद्यांवर ती फुटताना दिसली. यातले बहुतेक फोटो निघताक्षणी ठिकाण सोबत घेऊन निघतात. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि फोनचा प्रकार लिहिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की तशीच जाते. हे आमच्या कॉलेजातल्या मुलांनाही ठाऊक नसतं. फोटोखाली 'कौंडण्यपूर, सहकुटुंब' असं लिहिलेलं असतं ते वेगळंच. घराला कुलूप आहे, हे चोराला त्याहून सोपं करून कोण सांगणार?

दुपारभर भोंग्यावरून पुकारा चालला होता. अमुक गावची अमुक बाई, अमक्याची सून, हिरवं लुगडं, हिचा मुलगा चुकला आहे, वय सहा, निळा सदरा, मोबाइल नंबर लिहून घ्या. नाव, गाव, नातं, वय, कपडे, नंबर, सगळं काही लाखभर लोकांसमोर. आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पोरगं सापडलं, बाईने महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत तो नंबर कुणाच्याही लक्षात नव्हता.

रात्री कीर्तनात रुक्मिणीचं पत्र. विषय दुसरा असेल कसा? भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो, ती ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. महाराजांनी सगळा भर तिच्या धिटाईवर दिला, तो बरोबरच. माझं लक्ष मात्र शेवटच्या भागाकडे. ती कृष्णाला जागा आणि वेळ कळवते : लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे वधूला नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनाला नेतात, तिथे ये. म्हणजे आज कुठे असणार हे तिने कळवलं, पण एकालाच, आपण निवडलेल्या माणसाकरवी, एका दिवसापुरतं. सोबत सैन्य होतं, शिशुपालाच्या बाजूचे राजे होते, त्यांच्यातल्या कुणाला तो निरोप कळला नव्हता. कीर्तन चालू असताना माझ्या पुढे बसलेल्या बाप्याच्या फोनवर 'आपण अंबिका मंदिराजवळ आहात, अनुभव कसा होता?' असा प्रश्न उजळला.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं निघतात, आणि लग्नं निघाली की बायोडाटे निघतात. यात्रेहून परतलेल्या आत्याने एकाच दिवसात माझ्याकडे मुठीने बायोडाटे पाठवले. 'तुह्या कॉलेजात एखांदा पोरगा असन त पाह्य.'

वाचून बघावेत. वर गणपती. मग मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण, उंची, रंग, रक्तगट, रास, नाडी, देवक. शिक्षण, नोकरी, पगार. वडिलांचं नाव, शेती किती एकर, ओलीत किती. आईचं नाव, मामाकुळ, मामाचं गाव. भाऊ काय करतो. पत्ता. दोन मोबाइल नंबर. फोटो दोन, एक साडीतला. हे वधू-वरांच्या गटांवर टाकायचं, प्रत्येक गटात शेकडो माणसं, आणि तिथून ते ज्या वाटेनं जाईल त्या वाटेनं जातं. पूर्वी मुलगी दाखवायची तेव्हा पाहुणे घरी यायचे, पोहे खाऊन जायचे. मुलीबद्दल जे कळायचं ते त्यांना कळायचं, फार तर त्यांच्या गावाला.

चुलत बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, मुलगा रांगतोय. तिचा बायोडाटा अजून फिरतोय. गेल्या उन्हाळ्यात तो खुद्द आमच्या जावयाच्या फोनवर येऊन पडला, 'मुलगी चांगली आहे, तुमच्या धाकट्या भावासाठी बघा' असा शेरा मारून. जावई समजूतदार म्हणून हसण्यावारी गेलं. सगळे तसे नसतात. अनोळखी नंबरांवरून तिला अजून फोन येतात, रात्रीचेही.

दुसरी गोष्ट आत्याला सांगून पटली नाही, तरी इथे लिहितो. ई-आधारची पीडीएफ उघडायचा परवलीचा शब्द ठरलेला असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. बँकांची विवरणं बहुधा नाव आणि जन्मतारखेवर उघडतात. मामाकुळ म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, ते विचारण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. सेतूच्या पोराकडे कुलूप लावलेल्या फायली आहेत. किल्ल्या आत्या वाटते आहे, गणपतीचं चित्र लावून.

नवस बोलावा तसं इकडच्या मुली लग्न जमावं म्हणून एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण करतात. बहिणीनेही केलं होतं.

१० नोव्हेंबर

अनोळखी नंबर कुणाचा हे सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये काकांचा नंबर टाकून पाहिला. 'संत्रा बगीचा कौंडण्यपूर'. कुण्या व्यापाऱ्याने आपल्या फोनात तसं लिहून ठेवलं असेल, तेच जगाला दिसतं. काकांनी ते अ‍ॅप कधी घेतलं नव्हतं. माझा टाकला : 'सर कडक'.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वारस नोंदीसाठी सातबारा काढला. संकेतस्थळावर गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा दिसतो. इतर हक्कात सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा. म्हणजे गावातला कोण कितीत बुडालाय ते नागपुरात बसलेल्याला कळतं. गंमत एवढीच की बघणाऱ्याला मात्र आपला मोबाइल नंबर टाकावा लागतो.

आमचा एक मित्र म्हणतो, हे बंद व्हायला हवं. मला मुळीच वाटत नाही. जमिनीचा कागद उघडा असावा म्हणून वऱ्हाडातल्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या तलाठ्याच्या दारात चपला झिजवल्या आहेत. बांधाचा वाद, विधवेचा हिस्सा परस्पर दुसऱ्याच्या नावे करणं, एकच वावर दोघांना विकणं, हे सगळं कागद कपाटात असताना जोरात चालायचं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन फुकट बघता येते, ती बघूनच आमच्या शेजाऱ्याने एक खोटा सौदा वेळेवर पकडला. माहितीचा अधिकार ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, २००० साली, करून पाहिला, त्याने प्रत्येक नोंद 'खाजगी' म्हणू नये.

जमिनीची नोंद उघडी आणि माणसाच्या शरीराची नोंद बंद, अशी रेघ ओढता येते. ती ओढली नाही की काय होतं ते तेलंगणात २०१८ मध्ये दिसलं. एका सिमकार्ड विकणाऱ्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी अंगठे केले आणि लोकांच्या नकळत त्यांच्या नावावर सिमकार्डं चालू केली. दस्त सार्वजनिक असायला हरकत नव्हती, त्यातला अंगठा झाकायला हवा होता. काकूच्या आधारचा अंगठा आज मी फोनवरून कुलूपबंद करून टाकला. सेतूवर यंत्रावर अंगठा द्यायचा असेल तेव्हा उघडता येतो. तिने विचारलं, "माह्या अंगठ्याले कुलूप लावलं का तूनं?"

काकांच्या फोनात पीक पाहणीचे फोटो सापडले. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागा आपोआप नोंदली जाते. काकांच्या प्रत्येक फोटोत कपाशीबरोबर त्यांची सावली आली आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना टाइप करता येत नसे. ते फोनशी बोलत. नवा फोन आणला तेव्हा पुण्याच्या भावाने तो चालू करून दिला, जे जे विचारलं त्याला 'होय' दाबत गेला. त्यात आवाज जपून ठेवण्याचंही 'होय' होतं. ते आपोआप चालू नसतं, कुणी तरी होकार द्यावा लागतो. काकांचा होकार दुसऱ्याच्याच बोटाने गेला.

आज काकांच्या गुगल खात्याच्या 'अ‍ॅक्टिव्हिटी'त शिरलो तर तारीखवार यादी. काकांनी विचारलेलं प्रत्येक वाक्य, आणि काहींच्या बाजूला छोटा त्रिकोण, दाबला की आवाज. 'तुरीवर कोनती फवारनी मारू' हे यंत्राने 'पुरीवर कोणती पावरानी मारू' असं ऐकलंय. संत्र्याचे भाव. नागपूरची मंडी. गुलाबबाबांचं भजन. अंबिया बहाराची गळ. मग जून महिन्यात रात्री तीन वाजून दहा मिनिटं : 'छातीत जळजळ होते काय करू'. दोन दिवसांनी पुन्हा : 'डावा हात मुंग्या'. मग पुन्हा संत्र्याचे भाव.

काकू मागे येऊन उभी होती. मी थांबवायच्या आत तिने ऐकलं. बराच वेळ गप्प. मग : "मले नाई सांगतलं. त्या डब्ब्याले सांगे."

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत एओएल या कंपनीने अभ्यासकांसाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून टाकली होती, नुसते क्रमांक. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ हा क्रमांक घेतला, शोध वाचत गेले आणि जॉर्जियातल्या एका ६२ वर्षांच्या विधवा बाईच्या दारात जाऊन उभे राहिले. तिच्या शोधांत गावातल्या माळीकामाच्या लोकांची चौकशी होती, कुत्रा घर घाण करतो याचा उपाय होता, आणि बोटं बधिर होण्याबद्दलही होतं. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, नाव काढलं म्हणजे माणूस निघत नाही हे पटवायला. बधिर बोटांपाशी मुलं हसत नाहीत, कुत्र्यापाशी हसतात.

मॅक्स श्रेम्स या व्हिएन्नाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०११ मध्ये फेसबुककडे स्वतःचीच माहिती मागितली, तेव्हा त्याच्या हाती १२२२ पानं आली, त्याने खोडून टाकलेल्या निरोपांसह. पुढे त्याच्या खटल्यांनी युरोप आणि अमेरिका यांच्यातले माहितीचे करार दोनदा मोडले. पण तो स्वतःची पानं स्वतः मागत होता. काकांची पानं कुणी मागायची? आणि मिळाली तर काकूने ती ऐकायची की नाही, हे ठरवणारा मी कोण? त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची मोडीतली सही आहे. ती बघायला घरचा माणूस लागतो, गाव आणि कूळ सांगावं लागतं, मग उपाध्ये पान उघडतात. त्या वहीत कोण आलं आणि कोणाचा मुलगा एवढंच आहे. रात्री तीन वाजता त्याला काय झालं होतं हे नाही.

पुसायचं का, असं काकूला विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेपरात बातमी आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला होता, त्याचे नियम काल अधिसूचित झाले. काही तरतुदी लगेच, बऱ्याचशा अठरा महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, त्याला आठ वर्षं झाली. जून २०२३ मध्ये कोविनवरची लसीकरणाची माहिती टेलिग्रामवर नंबर टाकला की मिळते असं उघड झालं होतं, तेव्हा तर हा कायदाही नव्हता.

कायदा वाचला. चांगलं पुष्कळ आहे. संमतीची विनंती मराठीत मिळण्याची सोय. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा हक्क. कसूर झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. कलम १४ माझ्या कामाचं : आपण गेल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपले हे हक्क कुणी वापरायचे ते नेमून ठेवता येईल. बँकेत नॉमिनी असतो तसा. काकांना हे कलम उशिरा मिळालं.

मग अडतं कुठे? घरगुती कामासाठी माणसाने वापरलेली माहिती कायद्याच्या बाहेर. तेव्हा आत्याचे बायोडाटे सुखरूप. याच कायद्याने माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहितीचं कलम बदललं, व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी ही त्या कलमातली वाट काढून टाकली. मस्टरवरची खोटी नावं शोधणाऱ्या कार्यकर्त्यांची त्यावर तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. आणि सेतूचा पोरगा? कायद्याच्या भाषेत तो कोण? त्याला नोटीस मराठीतून द्या की संस्कृतातून, 'होय' तोच दाबणार आहे, कारण रांगेत उभ्या बाईचा चष्मा घरी राहिलाय. संमती घ्यावी हे ज्यांनी लिहिलं त्यांनी संमती देणाऱ्याला एकटं बसलेलं पाहिलं असावं, स्वतःच्या फोनसमोर, वाचत. कौंडण्यपुरात मी असं बसलेलं माणूस यात्रेपासून शोधतो आहे. मला वाटतं, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो तेव्हा काय करायचं याचा एक नियम या सगळ्या नियमांपेक्षा इकडे जास्त उपयोगी पडला असता. आणि सेतूवाल्याला रोज संध्याकाळी फायली पुसायचं बंधन, पुसल्याचे चार पैसे देऊन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत उद्या संपणार होती. तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार लागतं, त्यांच्या फोनवर ओटीपी येतो. काकूचे वडील कधीच गेले, काका श्रावणात. दुकानात आज विधवांचीच रांग होती.

पोरगा हळूच म्हणाला, "काकाचा नंबर चालू हाये ना? आधार बंद नाई केलं ना? मंग ओटीपी येते. टाकून देऊ." काकांचं आधार बंद झालेलं नाही हे खरं. जुलैपर्यंत प्राधिकरणाने मृतांचे १ कोटी १७ लाख क्रमांक बंद केले, घरच्यांना मृत्यू कळवायची सोयही जूनपासून पोर्टलवर आहे, पण आम्ही कळवलेलं नव्हतं. फोन काकूच्या पिशवीतच होता, चार्ज केलेला.

काकू म्हणाली, "मेल्या मानसाले सही मांगू का मी?" आणि उठली.

संध्याकाळी बातमी आली : मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि नवरा किंवा वडील नसलेल्या बायांनी स्वतःचं केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. काकूला सांगितलं. तिने मान डोलावली, जसं काही तिने तसंच ठरवलं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नंबरचं शेवटी ठरलं. रिचार्ज केला नाही आणि वापर थांबला की काही महिन्यांत तो बंद होतो. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत. मग देतात. तेव्हा त्यावर जिथे जिथे ओटीपी येतो ती प्रत्येक जागा आधी मोकळी करायला हवी, नाहीतर काकांच्या गॅसची पावती उद्या कुण्या तिऱ्हाइताला जाईल. यादी केली : बँक, गॅस, वीज, सोसायटी, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, दवाखान्याचं कार्ड, आणि आर्वीच्या खताच्या दुकानाचा गट. गुगलचं खातं यादीत घातलं, मग खोडलं. ते काकूच्या हाती. भावाला मात्र सांगितलं की स्वतःच्या खात्यात निष्क्रिय खात्याची सोय उघडून कुणाचं तरी नाव टाक, २०१३ पासून ती आहे. तो म्हणाला, कुणाचं टाकू?

बँकेत काकांचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला, काकूचं आधार, पॅन, दोन फोटो आणि मोबाइल नंबर मागितला. गॅसवाल्याने आधार, पासबुक, रेशनकार्ड, मोबाइल नंबर. सोसायटीने आधार, सातबारा, वारसांचं संमतिपत्र, सगळ्यांचे आधार, सगळ्यांचे मोबाइल नंबर. काकूचा स्वतःचा फोन नाही. सेतूच्या पोराने विचारलं, "मंग माहाच टाकू का?" आणि कागद घेऊन झेरॉक्स मशीनकडे वळला.